पाचवा बोळा

किसन गेनबा खुटवड. हे नाव या लेखात सगळ्यात आधी यायला हवं, म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं. बी.एस्सी.ची पदवी मला विद्यापीठाने दिली. पोटाला लागणारी विद्या किसन मिस्तरींनी दिली. जवळजवळ तीस वर्षं मी मोटारदुरुस्तीच्या धंद्यात होतो, शेवटची बरीच वर्षं सर्व्हिस मॅनेजर म्हणून. या काळात जे काही बरं केलं त्याखाली त्यांचा हात आहे. जे वाईट केलं ते माझं एकट्याचं.

"गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा," असं संपादकांनी सुचवलं होतं. गमती आहेत, एखाददुसरी सांगतोही. पण लिहायला बसलो की एकच इंजिन डोळ्यांसमोर येतं, आणि ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

मी मूळचा रिसोडचा. वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वाशीमच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी तो कागद देवासमोर ठेवला नाही, कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला. म्हणाले, देवासमोर उदबत्तीची ठिणगी पडते. पुण्याला आलो तो स्पर्धा परीक्षा द्यायला. सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो. दोन वर्षं परीक्षा दिल्या आणि दोन्ही वर्षं यादीत नाव नव्हतं. घरी परत जायचं तोंड नव्हतं. बिबवेवाडीतल्या एका गॅरेजला जॉबकार्ड लिहिणारा माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून गेलो. मालकांनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या.

"अक्षर बरं आहे. गाडीतलं काही कळतं का?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीचं तरी सांगणार नाही."

अशी माझी निवड झाली. गॅरेजात सगळे मला 'बीएस्सी' म्हणायला लागले. "बीएस्सी, जरा तो जॅक सरकव," अशी हाक आली की सुरुवातीला कानशिलं तापायची. पुढे सवय झाली.

किसन मिस्तरी तिथले इंजिनचे मुख्य कारागीर. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक. तेव्हा शहराच्या दक्षिणेला असलेल्या आणि आता शहराच्या पोटात गेलेल्या एका गावाहून ते सायकलने येत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वऱ्हाडाकडचा न्हवं का? मंग 'करून ऱ्हायलो' म्हनत असशील."

"म्हणतो," मी म्हणालो.

"म्हन की. इंजिनाला भाषा कळत न्हाई."

ज्यांनी मोटारीचं इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनचं मोठं काम निघालं की ते गाडीतून उतरवून सुटं करतात. खालचा मोठा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात दट्टे, म्हणजे पिस्टन, वरखाली होतात. वर झाकणासारखा बसतो तो हेड. त्यात झडपा असतात आणि त्या उघडमिट करणारा एक दांडा असतो. झिजलेले भाग मशीनशॉपमध्ये तासायला, घासायला जातात. ते परत आले की इंजिन पुन्हा बांधायचं. उघडायला अर्धा दिवस पुरतो. बांधायला किसन मिस्तरी दोन दिवस घेत, आणि मालकांनी कितीही डोळे वटारले तरी दोनाचे दीड करत नसत.

बांधायच्या दिवशी ते आधी साबणाने दोनदा हात धुवायचे. इंजिनचा वैरी पाणी नाही, धूळ आहे, असं त्यांचं सांगणं. खालचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, बसवून त्यावरची एकेक पकड आवळली की ते क्रँक हाताने फिरवून बघत. जड लागला की थांबायचं, सोडायचं, पुन्हा बसवायचं. हेडचे बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे. "भाकरी थापतो तसं. एका कडंला दाबली तर दुसरी कड उचलंल." सगळं बांधून झालं तरी लगेच चालू करायचं नाही. ठिणगीची वायर काढून नुसतं फिरवायचं, तेलाचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मग वायर लावायची. इंजिन पहिल्यांदा धरलं की बाकीचे कान लावत, ते डोळे मिटून वरच्या झाकणावर पालथा हात ठेवत. त्या हाताला काय कळायचं ते मला शेवटपर्यंत पुरतं शिकता आलं नाही.

त्यांचे दोन नियम मात्र साधे होते. ज्याने इंजिन उघडलं त्यानेच ते बांधायचं, हा पहिला. दुसरा बोळ्यांचा.

ब्लॉक धुऊन, हवा मारून स्वच्छ केला की त्याच्या भोकांत कापडाचे बोळे घालून ठेवतात, जुन्या गॅस्केटची, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या पातळ थराची, खरवड किंवा धूळ आत जाऊ नये म्हणून. बाकीच्या गॅरेजांत हाताला येईल ती चिंधी कोंबत. मिस्तरी घरून जुन्या पांढऱ्या धोतराचे तुकडे आणत, आणि बोळे घालताना मोठ्याने मोजत. बांधायच्या आधी काढतानाही मोठ्याने मोजत. आकडा जुळल्याशिवाय हेड ब्लॉकवर ठेवायचं नाही. दुसऱ्या कुणाला बांधायला लागलंच, तर उघडणाऱ्याने त्याच्या तोंडावर आकडा सांगायचा आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचा.

मी हे सगळं दोनशे पानी वहीत लिहून ठेवायला लागलो. मिस्तरी हसले नाहीत. "ल्ही," म्हणाले. "पर आकृती काढ. नुसत्या शब्दांनी बोल्ट बसत न्हाई."

आमच्या गिऱ्हाइकांत एक लिमयेबाई होत्या. शनिवार पेठेत राहायच्या, शाळेत संस्कृत शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. त्यांची गाडी वडिलांच्या वेळची, आणि ती घेऊन त्या एकट्या कुठेही जायच्या. गोकर्णापर्यंत गेलेल्या मला माहीत आहेत. त्या गाडीचं इंजिन बांधायला आलं तेव्हा बाई घडीचं स्टूल आणि थर्मास घेऊन हजर झाल्या.

"बाई, दोन दिवस लागतील," मी म्हणालो.

"मला मोजता येतं. तुमच्याकडे खुर्ची दिसली नाही, म्हणून स्टूल आणलं. खुर्च्यापण दुरुस्तीला उघडल्यात का?"

दोन दिवस त्या बसून होत्या. मिस्तरी बोळे काढताना "एक, दोन, तीन" म्हणाले की बाई स्टुलावरून "चार" म्हणायच्या. इंजिन पहिल्या झटक्याला धरलं तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या.

"किसनराव, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिला नंबर दिला असता."

"मी चौथीतच साळंतनं पळालो बाई."

"शहाणे होतात."

मिस्तरींना एवढं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ते दिवस फार टिकले नाहीत. नव्या कंपन्यांच्या नव्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या. हिंजवडीकडे ऑफिसं उभी राहिली, आणि पंचविशीतली मुलं कर्जावर गाडी घेऊन थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जायला लागली. आमच्या मालकांनी गॅरेजची जागा बिल्डरला दिली. एका मोठ्या डीलरने हायवेला नवीन वर्कशॉप काढलं होतं. तिथे मुलाखतीला जाताना मी ती वही घेऊन गेलो. तिच्यातली कामाची क्रमवार यादी मी इंग्रजीत टाइप करून घेतली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि मला फ्लोअर सुपरवायझर नेमलं. त्या यादीतली एक ओळही माझी नव्हती. मी तसं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. तरी उपकार विसरायचे नाहीत म्हणून जिद्दीने मिस्तरींना तिथे लावून घेतलं. त्यांना निळा गणवेश मिळाला, छातीवर नावाची पट्टी मिळाली. ते मला 'साहेब' म्हणायला लागले.

"मिस्तरी, मला साहेब नका म्हणू."

"छातीवर लिवलंय की. मी वाचून म्हनतो."

तिथे रोज इतक्या गाड्या यायच्या की उघडणं आणि बांधणं वेगळं करायचं ठरलं. एका बाजूला इंजिनं उघडणारे, दुसऱ्या बाजूला बांधणारे. ती रचना मीच कागदावर आखली. वरिष्ठ खूश झाले. उघडण्यात मिस्तरींचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्यांना उघडण्याच्या बाजूला टाकलं. बांधण्याच्या बाजूला डीलरच्या दुसऱ्या वर्कशॉपातून वर्ग करून घेतलेले दोन कारागीर होते. चांगली माणसं होती, या गोष्टीत त्यांचा काही दोष नाही.

मिस्तरी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "उघडनारा एक आन बांधनारा दुसरा, ह्ये बरं न्हाई."

"मिस्तरी, इथे महिन्याला किती गाड्या जातात बघताय ना? एकेका इंजिनाला दोन दिवस धरून बसलो तर..."

"कळतंय मला. मंग एक करा. बोळं किती घातलं ते मी तुमाला सांगत जाईन. तुमी बांधनाऱ्याला सांगायचं. कागदावर नगं. कागुद कोन वाचत न्हाई, नुसती सही करत्यात."

मी कबूल केलं. वर्ष-दीड वर्ष ते नीट चाललं. ते येऊन आकडा सांगायचे, मी पलीकडे जाऊन सांगायचो.

मग लिमयेबाई आल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या कंपनीची छोटी गाडी घेतली होती. पाणी गळून इंजिन तापलं, आतले पिस्टन खरवडले गेले आणि मोठं काम निघालं. बाईंनी आमचं काचेचं स्वागतदालन एकदा न्याहाळलं.

"अहो इंगोले, महाल छान बांधलात. गाडी उभी करायची जागा पुढच्या पंचवार्षिक योजनेत आहे का?"

मग त्या गंभीर झाल्या. "हे बघा, किसनराव बांधणार असतील तरच इंजिन उघडा."

"तेच बांधणार बाई," मी म्हणालो.

ते बांधणार नव्हते. कामाची वाटणी माझ्याच हातची होती, एका इंजिनापुरती ती मोडताही आली असती. पण एकदा मोडली असती तर उद्या आणखी कुणीतरी मोडायला लावली असती. 'हो' म्हणणं सोपं होतं, म्हणून म्हणालो.

मिस्तरींनी ते इंजिन उघडलं. ब्लॉक मशीनशॉपला जाऊन आला, त्यांनी धुतला, पुसला, बोळे घातले. त्या दिवशी कंपनीकडून तपासणी यायची होती. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात फाइल घेऊन दारात उभा होतो. मिस्तरी आले.

"बाईंच्या इंजिनात पाच हायेत. चार वर दिसत्यात. पाचवा बारका हाय, हेडाला तेल जातं त्या भोकात. खरवडायची पट्टी लागू नये म्हनून जरा खाली सारलाय. वरनं दिसायचा न्हाई."

"हो," मी म्हणालो.

"पाच," ते म्हणाले. मी आकडा परत म्हणावा म्हणून ते थांबले. तेवढ्यात तपासणीची गाडी आत आली. "पाच, पाच," म्हणून मी पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी बांधणाऱ्यांनी ते इंजिन घेतलं. त्यांना चार बोळे दिसले, त्यांनी चार काढले. मी त्यांना सांगायला गेलोच नव्हतो. कामाच्या यादीवर 'तेलमार्ग मोकळे' अशी एक ओळ होती. तिच्यापुढे मी सही केली तेव्हा हेड बसवलेलं होतं.

गाडी चालवून बघायला मीच बाहेर नेली. आठेक किलोमीटर. वरच्या बाजूने बारीक टिकटिक येत होती. तेलाचा दिवा पेटत नव्हता, कारण तो दिवा खालचा दाब मोजतो. वर हेडात तेल पोचतं की नाही हे त्याला कळत नाही. नवं बांधलेलं आहे, बसेल हळूहळू, असं मी स्वतःला सांगितलं. परत आल्यावर पलीकडे मिस्तरी दुसऱ्या इंजिनाचे बोल्ट सोडत होते. 'जरा हात ठेवून बघा' एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. संध्याकाळी पाच वाजता बाईंना गाडी द्यायचं कबूल केलं होतं.

चौथ्या दिवशी बाई धाकट्या बहिणीला घेऊन वाईला निघाल्या. खंबाटकीच्या चढावर इंजिन एकदम बंद पडलं. वरचा झडपांचा दांडा तेलावाचून सुकून अडकला आणि त्याला फिरवणारा पट्टा तुटला. मागून ट्रक येत होता. तो हातभर अंतरावर थांबला. दोघी म्हाताऱ्या बायका उन्हात कठड्याला टेकून तीन तास उभ्या होत्या.

गाडी ओढून आणली. सगळ्यांसमोर हेड उघडलं. तेलाच्या भोकातून चिमट्याने बोळा निघाला, काळा आणि कडक झालेला. त्याची एक कड तेवढी पांढरी राहिली होती. धोतराचं कापड ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

त्या दिवशी बाई आल्या तेव्हा काही खोचक बोलल्या नाहीत. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मिस्तरी हात पुसत बाहेर आले होते.

"किसनराव, तुम्हीच बांधलंत ना?"

मी बाईंना काय शब्द दिला होता हे मिस्तरींना माहीत नव्हतं. तो त्यांना त्या क्षणी कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बोळा माजाच हाय, बाई."

"तुमच्याकडून हे होईल असं मला कधी वाटलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि बहिणीचा हात धरून रिक्षात बसल्या. पुन्हा गाडी चालवणार नाही अशी अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर त्यांच्याकडून शपथ घेतली म्हणे. दुरुस्त झालेली गाडी त्यांनी महिन्याभरात विकून टाकली. त्यानंतर बाई स्वतः कधी गाडी चालवत कुठे गेल्या नाहीत.

जनरल मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला सर्व्हिस मॅनेजर करायचं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. आठवड्याने ते मिळणार होतं.

"मला एवढंच कळू दे, प्रोसेस चुकली की माणूस?" साहेब म्हणाले. "प्रोसेस चुकली असेल तर सगळं परत आखावं लागेल. इंगोले, तुमची आखणी आहे ना?"

"हो सर."

"खुटवड, बोळा तुम्ही घातला?"

"व्हय."

"काढला का नाही?"

"बांधलं मी न्हाई साहेब."

"मग बांधणाऱ्याला सांगायला नको?"

"सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी परीक्षेला बसलोय आणि उत्तर मला येतं हे त्यांना ठाऊक आहे, असं काहीसं ते पाहणं होतं. बराच वेळ पाहिलं. मी माझ्या मांडीवरच्या फाइलीकडे बघत राहिलो.

"आता ध्यानात न्हाई, साहेब," ते म्हणाले.

असं ते का म्हणाले, हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही. अहवाल मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं, इंग्रजी बरं. 'उघडणारे कारागीर किसन खुटवड यांच्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात आहे. खाली मिस्तरींनी मराठीत पूर्ण नाव लिहून सही केली. साहेब म्हणाले, काढून टाकायला नको, गाड्या धुण्याच्या विभागात घ्या. मिस्तरी तिथे दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी गणवेश घडी करून पहारेकऱ्याकडे ठेवून गेले.

आमचा धंदा लहान आहे. कुठल्या गॅरेजात काय झालं ते नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चार दिवसांत पोचतं. तिथे त्यांचं नाव 'बोळेवाले मिस्तरी' पडलं. ज्या माणसाने आयुष्यभर बोळे मोजले, त्याचं हे नाव. त्यांनी गावात स्वतःचं छोटं गॅरेज टाकून पाहिलं. लोक तेल बदलायला, ब्रेक आवळायला यायचे. इंजिन द्यायला कुणी येईना. पुढे ते विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायला लागले, आणि विहिरींवर इमारती आल्या तेव्हा तेही संपलं.

मी सर्व्हिस मॅनेजर झालो. यादीत एक नवी ओळ घातली: 'बोळे किती घातले, किती काढले', आणि दोन सह्यांच्या जागा. प्रत्येक बोळ्याला लाल फीत बांधायची, तिचं टोक बाहेर राहिलं पाहिजे, असाही नियम केला. पुढच्या वर्षी कंपनीच्या सभेत या सुधारणेबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. ते पत्र मी घरी भिंतीवर लावलं नाही, एवढंच सांगू शकतो. पण मंचावर जाऊन ते घेतलं होतं.

मिस्तरी त्यानंतर एकदाच भेटले, एका पेट्रोलपंपावर. मी कंपनीच्या गाडीत होतो, ते लुनावर.

"कसं काय, साहेब?"

"बरं चाललंय मिस्तरी."

"बाईंचं इंजिन परत नीट झालं का?"

"झालं. पण बाईंनी गाडी विकली."

त्यांनी टाकीचं झाकण आवळलं. "चांगली चालवायच्या बाई. क्लच कदी जाळला न्हाई." मग मागच्या माणसाने हॉर्न वाजवला आणि ते पुढे गेले. मी तिथे उतरायला हवं होतं.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. वर्कशॉपच्या अर्ध्या भागात आता विजेच्या गाड्या येतात. त्यांच्यात असं उघडायचं-बांधायचं इंजिन नसतं. लिमयेबाईंना खरं सांगावं म्हणून मी शनिवार पेठेत गेलो. त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. मग या लेखाचं आमंत्रण आलं. लेख पाठवण्याआधी एक पत्र लिहिणं भाग होतं. ते मी लिहिलं आणि पोस्टात टाकलं. खाली ते तसंच देत आहे.

*

ती. किसन मिस्तरी यांस,

सुधाकर इंगोलेचा सा. न.

मी बिबवेवाडीच्या गॅरेजातला बीएस्सी. तुमचा पत्ता तुमच्या गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडून मिळाला. तब्येत ठीक आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, असं त्याने सांगितलं. तुम्हाला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

लिमयेबाईंच्या इंजिनात पाच बोळे आहेत आणि पाचवा तेलाच्या भोकात खाली आहे, हे तुम्ही मला सांगितलं होतं. मी 'पाच' म्हणालो होतो. बांधणाऱ्यांना सांगायला मी गेलो नाही. यादीवर न बघता सही केली. गाडी फिरवून बघताना वरून आवाज येत होता, तो मी ऐकला होता. इंजिन तुम्हीच बांधणार असा शब्द बाईंना मी दिला होता, तुम्हाला न विचारता. साहेबांच्या केबिनमध्ये मला सगळं आठवत होतं. मी घाबरलो. माझी बढती जाईल असं वाटलं. याला दुसरं काही कारण नाही, आणि असतं तरी ते पुरलं नसतं.

बाईंना सांगायला मी फार उशिरा गेलो. त्या आता नाहीत. त्यांच्या मनात शेवटपर्यंत तुमचाच दोष राहिला असणार. ते मला आता पुसता येत नाही.

मागच्या आठवड्यात नाना पेठेत गेलो होतो. जुन्या दुकानांपैकी तीन उरली आहेत. तिन्हीकडे झालं ते सांगितलं. एका दुकानात आता मुलगा बसतो, त्याला तुमचं नाव माहीत नव्हतं. दुसऱ्या दुकानातल्या शेठजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'आता सांगून काय उपयोग?' तिसऱ्याने मला बसायला सांगितलं नाही. बांधणीच्या दोघांपैकी एक चाकणला असतो, त्यालाही फोन केला. तो म्हणाला, 'आम्हाला तेव्हाच शंका होती सर.'

एका दिवाळी अंकासाठी मी हे सगळं लिहितो आहे. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, माझंही आहे. तुमची हरकत असेल तर कळवा, तुमचं नाव काढायला सांगेन. माझं राहील.

त्या अहवालाची एक प्रत माझ्याकडे होती. ती सोबत जोडली आहे. जिथे मी तुमचं नाव लिहिलं होतं ते खोडून माझं लिहिलं आहे, आणि खाली आजची तारीख घालून सही केली आहे. मूळ कागद ज्या फाइलीत होता ती फाइल आता कुणाकडेही नाही, ते साहेबही पुण्यात नाहीत. त्यामुळे या दुरुस्तीची नोंद कुठे होणार नाही. ती फक्त तुमच्याकडे राहील.

आपला,
सुधाकर